अँप्लिफायरचे नॉब टेम्पोत मोडू नयेत म्हणून

कोल्हापूरहून गारगोटी, गडहिंग्लजकडे कार्यक्रमाला निघालं की टेम्पोत अँप्लिफायरच्या नॉबवर स्टँड नाहीतर पेटी आदळते. नॉब स्वस्तात मिळतो. आतल्या पॉटची (नॉब फिरवला की आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाची) दांडी वाकली तर मात्र सोल्डरिंग आलंच, तेही ऐन सीझनमध्ये.

१. गादीवाल्याकडून घट्ट फोमचा तुकडा घ्या, नॉबच्या उंचीपेक्षा बोटभर जाड.
२. पॅनेलच्या मापाचा कापून नॉबच्या जागी आरपार भोकं पाडा, नॉबपेक्षा जरा मोठी.
३. वर प्लायची पट्टी ठेवून वेल्क्रोच्या पट्ट्यानं आवळा.

प्लाय नॉबला टेकता कामा नये, नाहीतर धक्का थेट दांडीवरच जातो. आणि चिकटपट्टी अजिबात नको, पॅनेलवरची अक्षरं तिच्यासोबत निघून येतात.