फ्रिजवरचा किरणोत्सव: सूर्य कुठे मावळतो, ते घरच्या घरी कसं मोजावं

आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराला पश्चिमेकडं मोठी खिडकी आहे. रस्त्यापलीकडं दोन अपार्टमेंट आणि त्यांच्या मधोमध एक अरुंद फट. नोव्हेंबरात दिवाळीच्या आगेमागे मावळतीचं शेवटचं ऊन त्या फटीतून खिडकीत येतं आणि नेमकं फ्रिजच्या हँडलवर पडतं. चार दिवस तिथं रेंगाळतं आणि बाजूच्या भिंतीवर जातं. जानेवारी सरता सरता परत हँडलवर हजर. "तिकडं अंबाबाईचा किरणोत्सव, इकडं आमच्या फ्रिजचा," असं काकू हसत सांगतात. त्या गंमत म्हणून सांगत असतील, पण त्यांनी जे पाहिलंय तेच किरणोत्सवाचं मर्म आहे.

अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीचं ऊन पडतं, तो किरणोत्सव. कोल्हापूरकरांना त्याच्या तारखा पाठ असतात: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. देवीचं मंदिर पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडपात, तिथून पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन (देवीपुढचा कठडा) असं करत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा परंपरेनं सांगितलेला क्रम. पण वर्षातून दोनदाच का? आणि बाकीचे सणवार तिथीनं मागेपुढे होत असताना हा उत्सव इंग्रजी तारखेला कसा चिकटून राहतो? उत्तर स्वतः काढायचं तर एक काठी, खडू, सुतळी आणि तीन महिन्यांची चिकाटी लागते. पहिल्या तीन वस्तू घरात सापडतील.

आधी खरी पश्चिम शोधा

"सूर्य पश्चिमेला मावळतो" हे वाक्य आपण पहिलीपासून घोकलेलं असतं. ते वर्षातून दोनच दिवस तंतोतंत खरं असतं, मार्च आणि सप्टेंबरातल्या विषुवदिनांना, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात तेव्हा. म्हणून मावळता सूर्य बघून पश्चिम ठरवू नका. मोबाइलच्या होकायंत्रावरही विसंबू नका, कारण गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या त्याला हमखास चकवतात. मी एकदा पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून पाहिलं, तर तीन पावलं सरकताच 'पश्चिम' पार टाकीच्या मागे गेली.

त्यापेक्षा शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, जुनी रीत बरी. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, ती दिलेली आहे आणि आजही तितकीच चोख चालते. एक फूट उंचीची सरळ काठी घ्या. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी ढाळ असतो, तेव्हा काठी थेट फरशीवर उभी करू नका. एक प्लायवूडचा तुकडा ठेवून त्याखाली पुठ्ठे सारा आणि वर काठोकाठ पाणी भरलेलं ताट ठेवून बघा. पाणी चारही बाजूंनी सारखं दिसलं की फळी सपाट झाली. काठी तिच्या मधोमध खिळ्यानं पक्की करा आणि सरळ आहे का ते ओळंब्यानं तपासा. ओळंबा नसेल तर सुतळीला नट बांधला की झालं.

आता काठीच्या बुडापासून ४० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ सुतळीनं आखा. सकाळी सावली लांब असते आणि तिचं टोक वर्तुळाबाहेर पडतं. ऊन चढेल तशी ती आखडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साधारण साडेनऊ ते सव्वादहाच्या दरम्यान टोक वर्तुळाच्या रेघेला टेकेल, तिथं खूण करा. दुपारी पावणेतीन ते चारच्या दरम्यान वाढणारी सावली पलीकडच्या बाजूनं रेघ ओलांडेल, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. सकाळची खूण पश्चिमेची. सबंध दिवसात लक्ष द्यायचं ते फक्त दोनदा, तेवढ्यात फळीला कुणाचा धक्का लागू देऊ नका. आमच्याकडं वाळत घातलेल्या कुरडयांनी एकदा सगळा बेत मोडला होता.

फळी मांडलीच आहे तर मधल्या वेळात एक गंमत बघा. सगळ्यात आखूड सावली किती वाजता पडते? बारा वाजता नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. मधल्या सव्वाआठ अंशांना दर अंशी ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडं खरी दुपार सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. शिवाय पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबगोल, म्हणून ही वेळही मागेपुढे डोलते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१७, तर फेब्रुवारीच्या मध्याला जवळपास १२.४७.

मग क्षितिजाचं चित्र काढा

गच्चीवर पश्चिम मोकळी दिसेल अशी एक जागा धरा आणि तिथं रंगानं आपल्या दोन्ही पावलांची आकृती काढा. हा पोरखेळ वाटेल, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे. समोरची इमारत ५० मीटरवर असेल तर तुम्ही नुसते एक हात सरकलात तरी तिची जागा अर्ध्या अंशाच्या आसपास बदलते. म्हणून खुणेला शक्यतो लांबच्या गोष्टी निवडा: डोंगरातली खिंड, मोबाइलचा टॉवर, एखादं उंच झाड. ज्यांना गच्ची नाही त्यांनी रंकाळ्याच्या चौपाटीचा एक ठरावीक खांब धरावा. तळ्यावरून पश्चिमेचं क्षितिज मोकळं मिळतं आणि भेळही.

लांब कागदाची पट्टी घेऊन क्षितिजाची रेघ काढा, त्यावर खुणांची नावं लिहा आणि गच्चीवरच्या रेघेवरून खऱ्या पश्चिमेला बाण दाखवा. आठवड्यातून एकदा, सूर्य जिथं टेकला तिथं तारीख घाला. एक सूचना कळकळीची: सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, मावळतीचा तांबडा असला तरी. दुर्बिणीतून तर अजिबात नाही. बिंब बुडल्यावर उरलेल्या उजेडाच्या सगळ्यात तेज जागेवर खूण केली तरी आपल्या कामाला पुरते.

अंश मोजायला हात पुरेसा आहे. हात ताठ पुढं करून एक डोळा मिटा. वळलेली मूठ साधारण १० अंश झाकते, करंगळीचं टोक एक अंश. कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्य पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साडेचोवीस अंशांपर्यंत जातो, म्हणजे वर्षभरात त्याचा प्रवास पाच मुठींत मावतो. डिसेंबरात तो पश्चिमेपासून डावीकडं, म्हणजे दक्षिणेला, अडीच मुठींवर मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उजवीकडं.

यातून एक शोध असा लागतो की ऐकणारा पैज लावतो. कोल्हापूर शहरातून सूर्य पन्हाळ्यामागे कधीच मावळत नाही. जूनमध्येही नाही. अंबाबाईच्या देवळापासून पन्हाळा जवळजवळ नेमका वायव्येला आहे, पश्चिमेपासून सुमारे ४६ अंशांवर. सूर्य साडेचोवीसला थांबतो आणि परत फिरतो. जोतिबाचा डोंगर तर आणखी उत्तरेला. "पन्हाळ्यावर सूर्य टेकला" असं शहरातल्या कुणी सांगितलं तर त्याला कागदाची पट्टी दाखवा. इचलकरंजीकरांची गोष्ट निराळी. तिथून पन्हाळा पश्चिमेच्या जेमतेम १९ अंश उजवीकडं येतो, त्यामुळं मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी तो योग नकाशावर तरी जुळतो. जुलैत ढगांपुढं कुणाचं काय चालतं!

तारखांच्या जोड्या लावा

तीन-चार महिने पट्टी भरली की तारखा सारख्या अंतरावर पडलेल्या दिसणार नाहीत. मार्च-सप्टेंबरात सूर्य रोज आपल्या बिंबाच्या साधारण पाऊण रुंदीएवढा सरकतो. डिसेंबर उजाडला की त्याची चाल मंदावते, तिसऱ्या आठवड्यात तो खिळल्यासारखा होतो आणि २१-२२ डिसेंबरनंतर उजवीकडं परतू लागतो. परतीच्या वाटेवर त्याच झाडावर, त्याच टॉवरवर पुन्हा टेकतो. म्हणजे क्षितिजावरच्या प्रत्येक जागेला वर्षात दोन तारखा असतात, दोन टोकांच्या जागा सोडून. काकूंच्या फ्रिजलाही आणि गाभाऱ्यालाही.

१० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर किती दिवस? ४१. आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी? ४२. किरणोत्सवाच्या दोन तारखा ही एकाच जागेची जाताना आणि येताना झालेली भेट आहे. त्या दिवशी सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. वर सांगितलेल्या देवळातल्या दारांची ओळ त्या दिशेला खुली आहे, एवढीच अट. तुमच्या घरातली एक तारीख कळली की दुसरी अशीच काढा: २१ डिसेंबरच्या जितके दिवस अलीकडं, तितकेच पलीकडं. एखाद्या दिवसाचा फरक पडेल. उन्हाळ्याच्या बाजूला हाच हिशेब २१ जूनपासून करायचा. १५ ऑगस्टचा सूर्य जिथं मावळतो तिथंच तो २७-२८ एप्रिललाही मावळलेला असतो. ऑगस्टात कोल्हापुरात तो दिसणारच नाही, म्हणून एप्रिलची नोंद जपून ठेवा.

इंग्रजी तारखेचं कोडंही इथंच सुटतं. तिथी चंद्रावर चालते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिंदकळते आणि अधिक महिना तिला जागेवर आणतो. इंग्रजी कॅलेंडर सूर्याच्या वार्षिक फेरीशीच बांधलेलं आहे. उत्सव किरणांचा असल्यानं त्याची तारीख तिथीत बसवताच आली नसती.

मग मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं, त्याचं काय? तुमच्या पट्टीवर बघा. १४ जानेवारी येईपर्यंत सूर्य उजवीकडं निघून तीन आठवडे उलटलेले असतात. संक्रांत मोजली जाते ताऱ्यांच्या संदर्भानं, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलत असल्यामुळं ऋतू आणि तारे यांच्यात दर ७२ वर्षांनी साधारण एका दिवसाची तफावत पडते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होते. तिळगूळ वाटताना हे सांगावं की नाही हे घरातल्या वडीलधाऱ्यांचा मूड बघून ठरवावं.

पुठ्ठ्याचा किरणोत्सव

तीनच दिवस का, हे समजायला छोटा प्रयोग करा. पश्चिमेच्या खिडकीत एक पुठ्ठा लावा, त्याला दोन बोटं रुंदीची उभी फट पाडा. तीन-चार मीटर आत खुर्चीवर दुसरा पुठ्ठा, तशाच फटीचा. त्यामागे भिंतीवर एखादी बाहुली किंवा फोटो. मावळतीच्या अर्धा तास आधी दोन्ही फटींतून ऊन भिंतीवर पडेल असे पुठ्ठे लावून घ्या आणि नुसतं बघत बसा.

सूर्य खाली जातो तसा उजेडाचा पट्टा वर चढतो. चरणांपासून मुखाकडं जाणारा क्रम इथं डोळ्यांदेखत घडतो. पट्टा सरळ वर मात्र जात नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य उजवीकडं कलत मावळतो, म्हणून भिंतीवरचा पट्टा उलट्या बाजूला घसरत जातो आणि फटीच्या कडेनं पुसला जातो.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठे न हलवता पुन्हा बघा. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंशानं सरकते. आकडा किरकोळ वाटतो. पण १०० मीटर अंतरावर एक अंश म्हणजे पावणेदोन मीटर, तेव्हा ०.३ अंश म्हणजे अर्धा मीटर. लांबच लांब सरळ रेषेत एकामागोमाग अरुंद दारं असली की उजेड रोज अर्धा मीटर सरकून दोन-तीन दिवसांत चौकटीबाहेर जाणारच. बांधणाऱ्यांनी दारं जितकी लांब आणि अरुंद ठेवली, तितका त्यांचा नेम बारीक झाला. याच कारणानं वाटेत वाढलेला एखादा मजला किंवा लावलेला फलक खेळ बिघडवू शकतो. सूर्य तेव्हा क्षितिजाला इतका टेकलेला असतो की त्याच्या आड यायला फार उंची लागत नाही. क्षितिजालगतचे ढग, धूळ आणि धुकं वेगळंच. शेवटच्या पाच मिनिटांत किरण फिके पडले तर तो बहुधा हवेचा प्रताप असतो.

पुठ्ठ्यांच्या जागेभोवती फरशीवर खडूनं रेघ मारून ठेवा, म्हणजे जोडीच्या तारखेला तेच परत मांडता येईल.

काकूंनी यंदा स्वयंपाकघराची मांडणी बदलली आणि फ्रिज पाचेक फूट उत्तरेला, दारापलीकडच्या कोपऱ्यात नेला. १० नोव्हेंबरला हँडलवर ऊन आलंच नाही, तेव्हा त्या जरा खट्टू झाल्या. मी म्हटलं, "काकू, फट तीस मीटरवर आहे, दहा-अकरा दिवस थांबा." २१ तारखेला संध्याकाळी त्यांनी खिडकीतनंच हाक मारली, "आलं बघा ओ!" आता २० जानेवारीला मावळतीच्या आधी चहाला बोलावलंय. चहा त्यांचा, तारीख माझी. एक दिवस इकडं-तिकडं झाला तर भजीही माझ्याकडून, असं ठरलंय.