सबवूफर आहे, पण बास नाही? ॲम्प बदलण्याआधी या चुका टाळा

हौसेनं सब आणि ॲम्प बसवून घ्यायचा आणि घरी येता येता लक्षात यायचं, डिकीत घुमतंय खरं, पण ड्रायव्हरच्या सीटपर्यंत काही पोचत नाही. मग पुढच्याच रविवारी मोठ्या ॲम्पची चौकशी सुरू. माझं ऐकाल तर पाकीट आत ठेवा. पॉवर कमी पडणं हे कारण यादीत बरंच खाली येतं.

सगळ्यात आधी प्लस-मायनस बघा. दोन सब असतील आणि एकाची वायर उलटी लागली असेल, तर एकाचा कोन (समोरचा हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं मिळून बास गिळून टाकतात. सब एकच असला तरी दारातल्या स्पीकरशी त्याचं असंच वाकडं येतं, विशेषतः 80 हर्ट्झच्या आसपास, जिथे दोघंही वाजत असतात. तपासणी फुकटातली आहे. सबच्या वायरी ॲम्पपासून सोडवा आणि त्यांना 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस सबच्या प्लसला असेल तर कोन बाहेर सरकायला हवा. मग वायरी परत लावा, ॲम्पवर फेजचं (म्हणजे प्लस-मायनस उलटवणारं) बटण असेल तर तेच गाणं 0 आणि 180 वर पुढच्या सीटवर बसून ऐका. भरीव वाटेल ते ठेवा, मग ते 180 का असेना.

सेटिंगमधल्या चुका झटपट सापडतात. स्टीरिओच्या मेनूत सबवूफर आउटपुट बंद असतो, किंवा ॲम्पवरचा फिल्टरचा स्विच एचपीएफवर (हाय-पास, फक्त वरचे सूर सोडणारा) राहिलेला असतो, म्हणजे सबला बास सोडून बाकी सगळं मिळतं. तो एलपीएफवर (लो-पास, फक्त खालचे सूर सोडणारा) आणा आणि 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा. गेन मात्र पूर्ण पिळू नका. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टीरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी तो असतो. फार वाढवला की आवाज फाटतो, सबमधली कॉइल (तारेचं वेटोळं) तापते आणि एक दिवस जळका वास येतो.

अर्थिंगकडे, म्हणजे ॲम्पची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडतात त्या जोडाकडे, फारसं कोणी बघत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त संशय तिथेच. डिकीतल्या रंगवलेल्या पत्र्यावर तशीच वायर कसली की कनेक्शन नावापुरतं. रंग घासून चकचकीत पत्रा काढा, वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, सीटबेल्टचा बोल्ट मात्र वापरू नका. आपल्याकडचा पावसाळा झाला की हा जोड एकदा उघडून गंज बघावाच. पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक ॲम्पच्या ग्राउंडला, दुसरं शेजारच्या उघड्या पत्र्याला. गाणं जोरात असताना आकडा शून्याजवळ राहिला तर जोड ठीक. मग ॲम्पच्या प्लस-मायनसवर मोजा. बॅटरीवर व्होल्टेज टिकतंय आणि ॲम्पवर ठोक्यासरशी पडतंय, तर दोष पॉवर वायरचा किंवा फ्यूजच्या जोडाचा. स्वस्त वायर खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची; तिची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास.

सबला 4 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) दोन कॉइल असतील तर सिरीजमध्ये 8 होतात, पॅरललमध्ये 2. ॲम्प 2 ओहमवर पूर्ण ताकद देणारा आणि जोडणी 8 ची, तर हाती साधारण पाव पॉवर येते. उलट, ॲम्पला 2 ओहम चालत नसेल तर तो प्रोटेक्शनमध्ये जातो. त्यामुळे आधी माहितीपत्रक वाचा.

सेडानवाल्यांनी मागची सीट पाडून एकदा ऐकावं. फरक पडला तर बास डिकीतच अडकतोय. बॉक्सचं तोंड फिरवून, जागा बदलून बघा. नंबर प्लेट खडखडते म्हणून बास भारी, असं मानणारेही भेटतात, त्यांना नमस्कार.

इतकं करूनही कमीच वाटलं तर खुशाल नवा ॲम्प बघा. फक्त खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला मॅक्स वॉटचा आकडा सोडून द्या आणि आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) किती, तेही किती ओहमवर, एवढंच विचारा.