इंडिकेटर फास्ट चालतोय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या माहीमच्या सोसायटीत हा प्रश्न येतोच: "डावा इंडिकेटर एकदम फास्ट टिकटिकतोय, काय झालं असेल?" चौघे चार पार्ट सांगतात. मीही एका पावसाळ्यात असंच ऐकून फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) बदलला, मग स्टिअरिंगखालचा स्विच बदलला. दोष निघाला मागच्या दिव्याच्या अर्थिंगच्या वायरीत, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वायरीत. म्हणून कळकळीनं सांगतो, आधी दोष शोधा, पार्ट नंतर आणा.

सुरुवात कानानं करा. चांगला इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लागतो. एकाच बाजूला तो अचानक दुप्पट वेगानं टिकटिकायला लागला, तर फ्लॅशर बहुधा ठणठणीत असतो. त्या बाजूला करंट कमी जातोय, हेच तो तुम्हाला सांगतोय. म्हणजे बल्ब उडालाय, होल्डर सडलाय किंवा वायर तुटलीय. (जुन्या बायमेटल फ्लॅशरच्या गाड्यांत उलटं होतं: वेग मंदावतो किंवा दिवा लागून तसाच राहतो.) मग हॅझार्ड, म्हणजे आपण ज्याला पार्किंग लाइट म्हणतो, ते लावून गाडीभोवती एक फेरी मारा. हॅझार्डवर सगळे दिवे नीट लागतात आणि इंडिकेटरवर लागत नाहीत, तर बल्ब आणि अर्थिंग तपासण्यात वेळ घालवू नका. फ्यूज आणि स्विचकडे वळा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी चूक. बल्ब काढायचा, रिकाम्या होल्डरला मल्टीमीटर लावायचा, 12 व्होल्ट दिसले की "सप्लाय बरोबर आहे" म्हणून मोकळं व्हायचं. मल्टीमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली, तरी तो 12 व्होल्ट दाखवेल. 21 वॅटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात. तेवढा करंट त्या एका तारेतून किंवा गंजलेल्या कॉन्टॅक्टमधून जायला लागला की व्होल्टेज वाटेतच पडतं. त्यामुळे मोजायचं ते बल्ब जागेवर ठेवून, दिवा लागलेला असताना.

मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल पिन होल्डरच्या अर्थिंगला, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. इंडिकेटर लागताना आकडा शून्याच्या आसपास राहायला हवा. 0.2 व्होल्टच्या वर गेला तर संशय घ्या. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगच खराब आहे. लॅमिंग्टन रोडवरचा साधा मल्टीमीटरही या कामाला पुरतो. तोही नसेल तर वायरीचा एक तुकडा घ्या, होल्डरच्या अर्थिंगपासून बॉडीच्या स्वच्छ बोल्टला जोडा. दिवा लगेच उजळला तर निकाल लागला.

अर्थिंगची आणखी एक खूण आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकते. मागच्या दिव्यांची अर्थिंग बहुतेक गाड्यांत एकच असते. ती तुटली की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो. असं दिसलं की बल्बच्या मागे लागूच नका.

मुंबईत हे जास्त होतं ते समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे आणि दिव्यात शिरणाऱ्या पाण्यामुळे. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर दिवे उघडून बघाच. होल्डरवर हिरवट थर दिसेल. तो पॉलिश पेपरनं खरवडण्याचा मोह होतो, पण जोरात घासलं की पत्र्यावरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात गंज दुप्पट वेगानं येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशनं साफ करा, पूर्ण वाळू द्या, मग पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. आणि पाणी आलं कुठून, ते शोधा. मागचं रबर गॅस्केट चेपलेलं असेल तर साफसफाई महिनाभरही टिकणार नाही.

बल्ब घेताना जुना बल्ब सोबत न्या. पिवळ्या बल्बच्या दोन पिना समोरासमोर नसतात, पांढऱ्याच्या असतात. चुकीचा बल्ब पकडीनं जोर लावून बसवला की होल्डरच वाकतो. एलईडी टाकल्यावर इंडिकेटर फास्ट झाला, तर तो बिघाड नव्हे. एलईडी करंटच कमी घेते. करंट वाढवून वेग आवरायला लावतात तो रेझिस्टर भाजण्याइतका तापतो, त्यामुळे तो प्लास्टिकला किंवा वायरीला टेकू देऊ नका.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर 10 अँपिअरच्या जागी 20 चा कधीही लावू नका. वायर जळेल आणि गाडीला आग लागू शकते. मागचे दिवे डिकीच्या झाकणावर असतील, तर बिजागरीपाशी रबराच्या नळीतल्या वायरी तपासा; उघडझाक होऊन त्या तिथेच तुटतात. इंडिकेटर चालू ठेवून डिकी हळूहळू वरखाली केली की दिवा नेमका कुठे विझतो ते कळतं.

दुरुस्ती झाली की हॅझार्ड दहा मिनिटं चालू ठेवा आणि मागच्या कपलरला (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडाला) हात लावून बघा. गरम लागला, तर तिथला कॉन्टॅक्ट अजून नीट बसलेला नाही.