जुन्या लाकडाचं शिल्प करताय? आधी या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातला एखादा वाडा पडला की चार दिवसांत मला फोन सुरू होतात. "सागाची तुळई मिळाली आहे, शिल्प करायचं आहे, कुठून सुरुवात करू?" फोन करणाऱ्याच्या हातात तोवर ग्राइंडर असतो. माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही: ग्राइंडर खाली ठेवा आणि पहिले दोन दिवस फक्त लाकूड बघा. हे ऐकून निम्मे लोक परत फोन करत नाहीत. त्यातलेच काही महिन्याभरानं तडकलेलं किंवा पोखरलेलं शिल्प घेऊन येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोखंड न शोधता कापणं. वरचे खिळे काढले की लाकूड साफ झालं, असं लोक समजतात. पन्नास-साठ वर्षं घरात राहिलेल्या तुळईत पाळण्याचा आकडा असतो, कंदिलाचा खिळा असतो, वायरिंगच्या पट्ट्यांचे बारीक खिळे असतात. त्यातल्या कितीतरी खिळ्यांची डोकी तुटलेली असतात आणि वर चुन्याचे थर बसलेले असतात.

मी स्वतः ही चूक केली आहे. सहा फुटांची सागवान तुळई घेऊन लकडगंजात आरामशीनवर गेलो होतो, उभी चिरून घ्यायला. दिसले तेवढे खिळे काढले होते. अर्धी तुळई चिरून झाली आणि आवाज बदलला. पुढच्या क्षणी करवतीचा पट्टा तुटला आणि कडाडून बाहेर आला. लाकूड ओढणारा पोरगा नेमका एक पाऊल मागे सरकला होता, म्हणून वाचला. आत दोन इंचांवर हातानं ठोकलेला जाड चौकोनी खिळा होता. मी पट्ट्याचे पैसे भरले. मिस्त्री ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "भाऊ, पहिले चुंबक फिरवा, मंग लाकूड आना." त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो.

तेव्हापासून बिघडलेल्या मोठ्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून ठेवलं आहे. ते चारही बाजूंनी, अगदी जवळून, सावकाश फिरवतो. दोरी जिथे ओढ खाते तिथे खडूची खूण. पण फार खोल गेलेला खिळा चुंबकाला कळत नाही, तिथे डोळे लागतात. साग, बाभूळ अशा लाकडांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो. रंधा मारताना असा डाग दिसला की थांबायचं, लोखंड आसपासच आहे. गंजलेला खिळा ओढून निघत नसेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री दोन मिनिटं धरतो. भोवतालचं लाकूड किंचित करपून पकड सोडतं. तरीही निघाला नाही तर मी शिल्पाची रचना बदलतो. चिरायला नेण्यापूर्वी मिस्त्रींना लाकूड जुनं आहे हे स्पष्ट सांगा, लपवू नका.

दुसरी चूक ओल्या लाकडाची. नागपूरच्या हवेत ती फार महाग पडते. ऑगस्टमध्ये हवेत दमट ओल असते, मे महिन्यात दुपारी पारा 45 अंशांच्या आसपास आणि हवा पार कोरडी. पावसात उघड्यावर पडलेलं लाकूड श्रावणात कोरलं तर ते उन्हाळ्यात आक्रसणारच. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं वादळात पडलेल्या कडुनिंबाच्या ओंडक्यातून तान्ह्या पोळ्यासाठी बैल कोरला. वशिंड, मान, डोळे, सगळं सुरेख. पोळ्याला गल्लीभर कौतुक झालं. एप्रिलमध्ये मानेपासून पोटापर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली. तो मुलगा पुन्हा लाकडाला हात लावायला तयार नव्हता. मला वाईट वाटलं ते त्याचं. बैल दुसरा करता आला असता.

ही भेग का पडते ते समजून घ्या. लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, ते केंद्राकडून सालीकडे आक्रसतं त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतं. मधला गाभा तसाच ठेवून पूर्ण गोल ओंडका कोरला, तर हा ताण कुठेतरी फुटून बाहेर येतो. म्हणून ओंडका गाभ्यातून उभा दुभागा, किंवा मूर्ती मागून पोकळ करा. कापलेल्या तोंडांना मेण किंवा फेव्हिकॉल फासा, कारण पाणी तिथून सर्वांत लवकर जातं. मी लाकडाचं वजन दर पंधरा दिवसांनी करतो आणि खडूनं त्यावरच लिहून ठेवतो. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही की पटाशी उचलतो. ओव्हनमध्ये किंवा गच्चीवर उन्हात वाळवून घाई करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त त्यांचं लाकूड कोरायला घेत नाही.

भुंगा लागलेलं लाकूड घरात आणू नका. काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. पिठासारखी पूड पडली तर आत कीड जिवंत असू शकते. पूड झटकून पुन्हा ठेवा आणि पुन्हा पडते का बघा.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर शिल्पाला घेऊच नका. त्यांत क्रिओसोट, म्हणजे विषारी डांबरी तेल, मुरलेलं असू शकतं. पॅकिंगच्या पेट्यांवर 'एचटी' शिक्का असेल तर लाकूड उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं आहे, 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूच्या धुरीचं. 'एमबी'वालं सोडून द्या.

जुन्या दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा धरता येत नाही. पाणी मारून ओलं खरवडा, चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

सागाला तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याच्या जरा आधी सांधा थिनरनं पुसा. आदल्या दिवशी पुसून काही उपयोग नाही.

वेगवेगळ्या घरांचे तुकडे जोडताना एकसंधपणा कसा आणायचा, असं विचारतात. अमेरिकी शिल्पकार लुईस नेव्हेल्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये टाकून दिलेल्या लाकडांवर एकच काळा रंग देऊन भिंतीएवढी शिल्पं उभी केली. ती युक्ती चालते, पण रंग हा शेवटचा उपाय धरा. आधी तुकड्यांच्या रेषा एका दिशेला येतात का ते जमिनीवर मांडून बघा.

आणि सगळीकडे सँडर फिरवू नका. सुताराच्या वाकसाचे घाव, चौकटीवर बसलेला हळदी-कुंकवाचा डाग, बैलबंडीच्या चाकावर लोखंडी धावेनं पाडलेली खाच, यासाठीच तर जुनं लाकूड घेतलं ना? नवं आणि गुळगुळीत हवं असेल तर बाजारात फळी मिळते. मी फक्त हाताला टोचेल तेवढंच काढतो.

शेवटी तेल लावाल तेव्हा जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. माझ्या खोलीत एका मे महिन्यात धूर निघाला होता, वेळेवर दिसला म्हणून लाकूड वाचलं. आता कामाच्या टेबलाखाली झाकणाची लोखंडी बादली आहे, पाण्यानं भरलेली. चिंधी हातातून सुटली की थेट तिच्यात जाते.