जुन्या विंडोजच्या व्हीएममध्ये मिडी वाजत नाही? आधी सिंथ कुठंय ते बघा

व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा नकली कॉम्प्युटर) विंडोज ९८ टाकलं, स्टार्टअपचा आवाज आला, वेव्ह फाईलही वाजली, मग हौसेने एक .मिड फाईल उघडली तर प्लेयरची पट्टी मस्त पुढे सरकतेय पण आवाज शून्य. मग लोक साऊंड ड्रायव्हर काढा, परत टाका, काढा, परत टाका असं करत रात्र घालवतात, आणि बऱ्याचदा ड्रायव्हरचा त्यात काही दोषच नसतो.

मिडी फाईलमध्ये मुळात आवाज नसतोच. अमुक चॅनलवर अमुक सूर दाबा, एवढ्या जोरात, आता सोडा, एवढंच त्यात असतं. म्हणजे नोटेशनची वही आहे पण पेटी कुणीतरी आणायला पाहिजे. ती पेटी म्हणजे सिंथ (सिंथेसायझर), आणि त्या काळच्या पीसीत तो साऊंड कार्डावरच बसलेला असायचा, एकतर सूर स्वतः बनवणारी यामाहाची एफएम चिप नाहीतर वाद्यांचे रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारं वेव्हटेबल. व्हीएमवाल्यांनी कार्डाचा वेव्हचा (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा) भाग नीट बनवला कारण तो सगळ्यांना लागतो, म्युझिकच्या भागाकडे मात्र फार लक्ष गेलं नाही. त्यामुळे पहिला प्रश्न हाच की सिंथ ठेवायचा कुठे, गेस्टच्या (व्हीएममधल्या जुन्या विंडोजच्या) आत, नकली कार्डात, का बाहेर होस्टवर, म्हणजे आपल्या खऱ्या मशीनवर. हे एकदा ठरलं की पुढचं सोपंय.

एक्सपी किंवा २००० असेल तर जास्त डोकं लावू नका. त्यात मायक्रोसॉफ्टचा जीएस वेव्हटेबल सिंथ आधीच आहे, त्याचे आवाज रोलँडकडून घेतलेत आणि ते ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधल्या जीएम.डीएलएस नावाच्या साधारण ३ एमबीच्या फाईलमध्ये असतात. हा सगळा सॉफ्टवेअरमध्येच चालतो, त्याला फक्त वेव्ह वाजवणारं कार्ड लागतं. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवायच्या प्रोग्रामच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एक्सपीसाठी आयसीएच एसी९७ निवडा, एचडी ऑडिओ निवडलंत तर वेगळा ड्रायव्हर शोधत बसाल. तरीही आवाज नसेल तर घड्याळाजवळच्या स्पीकरवर डबल क्लिक करून मिक्सर उघडा, तिथे एसडब्ल्यू सिंथ नावाची वेगळी पट्टी असते आणि ती म्यूट असली तर बाकी सगळं वाजतं, फक्त मिडी गप्प. पट्टी दिसतच नसेल तर ऑप्शन्समध्ये प्रॉपर्टीजला जाऊन तिच्यावर टिक करा. टेस्टसाठी विंडोजच्या मीडिया फोल्डरमध्ये टाऊन आणि वनस्टॉप नावाच्या मिडी फाईल्स पडलेल्याच असतात.

खरी कटकट ९८ ची. इथे माझं मत स्पष्ट आहे, ९८ वर मिडी पाहिजे असेल तर व्हीएमवेअर हा दुसरा व्हीएम प्रोग्राम घ्या (वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून फुकट झालंय, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही). व्हीएमवेअर जे कार्ड दाखवतं ते एन्सोनिकचं ईएस१३७१, म्हणजे पुढे क्रिएटिव्हने साऊंड ब्लास्टर पीसीआय १२८ वगैरे नावांनी विकलेल्या कार्डांच्याच घरातलं. ९८ च्या सीडीवरून काही जमलं नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर घाबरू नका, क्रिएटिव्हचा त्या काळचा पीसीआय १२८ चा ड्रायव्हर मिळवायचा, त्याची होस्टवर आयएसओ (सीडीची फाईल) बनवायची आणि व्हीएमच्या सीडी ड्राइव्हला जोडून आत इन्स्टॉल करायचा. त्या ड्रायव्हरबरोबर वेव्हटेबलच्या ईसीडब्ल्यू फाईल्स येतात, २, ४ आणि ८ एमबीच्या. तुमच्या पॅकेजमध्ये असेल तर डोळे झाकून ८ वाली निवडा, त्या काळी रॅम वाचवायला लोक २ वाली ठेवायचे, आपल्याला काय फरक पडतोय. मग कंट्रोल पॅनलमध्ये मल्टिमीडिया, त्यात मिडीचा टॅब, तिथे सिंगल इन्स्ट्रुमेंटखाली योग्य नाव निवडलंय का ते बघा. बरेचदा तिथे एक्स्टर्नल मिडी पोर्ट निवडलेला असतो आणि सगळे सूर कशालाही न जोडलेल्या पोर्टातून हवेत जात असतात.

व्हर्च्युअलबॉक्सच पाहिजे असेल तर ९८ ची सेकंड एडिशन घ्या, ऑडिओला एसी९७ ठेवा आणि रिअलटेकचा जुना एसी९७ ड्रायव्हर टाका, पण व्हीएक्सडी (जुन्या पद्धतीचा) नको, डब्ल्यूडीएम (नव्या पद्धतीचा) प्रकारचा पाहिजे, कारण डब्ल्यूडीएम असेल तरच मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर सिंथ यादीत येतो. साऊंड ब्लास्टर १६ निवडून "हे तर जुनंच कार्ड आहे, चालेलच" असं समजू नका, वेव्ह चालेल, म्युझिकची खात्री नाही. आणि नव्या प्रोसेसरवर ९८ मुळात बूटच होत नसेल तर तो वेगळा लोचा आहे, पॅचर९एक्स नावाचं टूल बघा, आधी ते आणि मग मिडी.

डॉस आणि विंडोज ३.१ साठी व्हीएमच्या नादी लागूच नका. डॉसचे प्रोग्राम आणि ३.१ चे ड्रायव्हर थेट हार्डवेअरशी बोलतात, म्युझिक ३३० पोर्टवरच्या एमपीयू-४०१ या मिडी कार्डाला पाठवतात, आणि ते कार्ड नीट बनवलंय डॉसबॉक्स आणि ८६बॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामनी. डॉसबॉक्स स्टेजिंगच्या कॉन्फिग फाईलमध्ये मिडी डिव्हाइस फ्लुइडसिंथ (होस्टवर चालणारा सॉफ्टवेअर सिंथ) करा, खाली साऊंडफाँटचा (वाद्यांच्या आवाजांच्या फाईलचा) पाथ द्या, मग गेमच्या सेटअपमध्ये जनरल मिडी निवडा आणि पोर्ट ३३०, बस. ८६बॉक्समध्ये साऊंडच्या पानावर मिडी आऊट डिव्हाइस असतो, तिथे फ्लुइडसिंथ निवडून साऊंडफाँट दाखवायचा, तो दाखवला नाही तर परत शांतता. साऊंडफाँट म्हणजे .एसएफ२ फाईल, जनरलयूजर जीएस हा साधारण ३० एमबीचा, फ्लुइड आर३ त्याच्या चौपटीहून मोठा. मला पहिलाच आवडतो, ड्रम्स जास्त ताठ वाजतात.

गेम १९९१ च्या आधीचा असेल तर जरा थांबा. जनरल मिडीचं स्टँडर्ड त्या वर्षी आलं, त्याआधीचे बरेच गेम रोलँड एमटी-३२ या सिंथसाठी लिहिलेत आणि त्याची वाद्यांची यादी वेगळी आहे. म्हणून जनरल मिडीवर लावलं की बासरीच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं. तिथे एमटी-३२ चं एम्युलेशन (सॉफ्टवेअर नक्कल) लावा, रॉम (मूळ सिंथच्या चिपमधल्या फाईल्स) तुम्हालाच आणावे लागतील.

३.१ मध्ये अजून एक गंमत आहे. मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे बनवलेल्या मिडी फाईल्समध्ये तेच गाणं दोनदा लिहिलेलं असतं, १ ते १० चॅनलवर भारी सिंथसाठी आणि १३ ते १६ वर साध्या कार्डासाठी, आणि त्या साध्या भागाचे ड्रम्स १६ वर. मिडी मॅपरने (कुठला चॅनल कुठे पाठवायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगने) सगळे १६ चॅनल जनरल मिडी सिंथकडे सोडले तर गाणं डबल वाजतं आणि वर ड्रम्सचे ठोके पियानोच्या सुरात ऐकू येतात, कुणीतरी पेटीवर मांजर सोडल्यासारखं. मॅपरमध्ये १३ ते १६ च्या पोर्टला नन करा, लगेच साफ.

राहिला ताल. गाणं मधेच अडखळत असेल तर सिंथला दोष देऊ नका, व्हीएमचा टायमर मागे पडतोय. ९८ ला एकच कोर द्या (त्याला दुसरा वापरताच येत नाही), होस्टवर ब्राउझरचे पन्नास टॅब बंद करा, ८६बॉक्स असेल तर पेंटियमचा स्पीड कमी करा, कारण तिथे अख्खा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये चालतो. आणि सिंथ होस्टवर असेल तर गाणं चालू असताना व्हीएम पॉज करू नका, सूर सोडायचा मेसेज पोचत नाही आणि एकच सूर कुंईंईं करत राहतो. तसं झालंच तर सिंथ रीस्टार्ट करा, व्हीएम बंद करायची गरज नाही.