वाऱ्याचे कार्य आणि वाळवंटी भूरूपे: उत्तर लिहिताना या चुका टाळा

लातूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये भूगोलाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना भूछत्र खडक (अरुंद पायावर रुंद माथा असलेला खडक), यारदांग (वाऱ्याच्या दिशेने लांबट कोरलेला खडकाचा कणा), बारखाण (चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी) ही नावे तोंडपाठ असतात. तरीही आकृती काढताना घोटाळा होतो, कारण वाळू किती उंच उडते आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो, हे दोन प्रश्न विचारलेलेच नसतात.

पहिली चूक म्हणजे ‘वारा खडक झिजवतो’ असे लिहून थांबणे. नुसत्या वाऱ्याने कठीण खडक फारसा झिजत नाही. त्याला घासते ती वाऱ्याबरोबर आदळणारी वाळू. वाळूचे कण जड असल्याने ते बहुतांशी उड्या घेत, जमिनीपासून मीटरभराच्या आतच पुढे सरकतात. म्हणून भूछत्र खडकाचा खालचा भाग अरुंद होतो आणि माथा रुंद राहतो. अगदी जमिनीलगत घर्षणामुळे वाऱ्याचा वेग कमी असतो, त्यामुळे सर्वाधिक झीज पायथ्याच्या किंचित वर होते. आकृतीत मान तिथेच दाखवावी. पायथ्याशी टिकणारा दमटपणा आणि क्षार यांमुळेही खडक कमकुवत होतो, हे एक वाक्य जोडले तर उत्तराला वजन येते.

अपवहन आणि अपघर्षण यांची अदलाबदलही नेहमीचीच आहे. सुटे कण उचलून नेणे म्हणजे अपवहन, तर त्या कणांनी खडक घासणे म्हणजे अपघर्षण. इजिप्तमधील कतारा खळगा समुद्रसपाटीपेक्षा १३३ मीटर खोल आहे. मात्र तो एकट्या वाऱ्याने कोरला असे लिहू नये, कारण क्षारांनी खडक भुसभुशीत केल्यावरच वाऱ्याला उचलण्याजोगा माल मिळाला. अपवहन भूजलापर्यंत पोहोचले की ओली वाळू उडत नाही आणि खोली वाढणे थांबते.

सर्वाधिक गुण जातात ते बारखाणच्या आकृतीत. बारखाणची शिंगे वारा जिकडे जातो तिकडे वळलेली असतात, कारण कडेला वाळू कमी असल्याने तो भाग लवकर पुढे सरकतो. वाऱ्याकडील उतार मंद, तर आडोशाचा उतार सुमारे ३० ते ३४ अंशांचा असतो. थरच्या वाळवंटात मात्र याच्या उलट शिंगांच्या टेकड्या दिसतात: तिथे झुडपे दोन्ही बाजू धरून ठेवतात, मधला भाग पुढे जातो आणि शिंगे वाऱ्याकडे राहतात. म्हणून आकृतीत वाऱ्याचा बाण आधी काढावा.

लोएस म्हणजे वाऱ्याने आणलेल्या बारीक धुळीचा थर, वाळूचे मैदान नव्हे. खळ्यावर ज्वारी उफणताना दाणे जवळ पडतात आणि भुसकट दूर जाते, तशी वाळू वाळवंटात राहते आणि बारीक धूळ शेकडो किलोमीटर पुढे जाऊन साचते.

वाळवंटातील प्रत्येक भूरूप वाऱ्याच्या नावावर लिहिणे ही तितकीच ठळक चूक आहे. सहाराचा जेमतेम चौथा भाग वाळूने झाकलेला आहे, आणि तेथील कोरड्या दऱ्या पाण्यानेच खोदल्या आहेत. आपल्याकडच्या बालाघाट आणि अजिंठा डोंगररांगांतील सपाट माथ्यांनाही काहीजण वाऱ्याचे काम समजतात. प्रत्यक्षात ते बेसाल्टच्या आडव्या थरांवर पाण्याने केलेल्या झिजेचे फळ आहे. मराठवाड्यातील उदाहरण द्यायचेच असेल, तर उन्हाळ्यात नांगरून मोकळ्या पडलेल्या रानातून वावटळीबरोबर उडणारी माती अपवहनाखाली लिहावी, भूरूपांच्या यादीत नव्हे.