स्वस्तातलं डिजिटल घड्याळ घेताय? आधी दुकानात एवढं करून बघा

परवा भाच्याने फोटो टाकला, मामा हे घेऊ का. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे मैदानावर 1600 मीटर मारतो आणि टाइम बघायला फोन हातात धरून पळायचा त्याला कंटाळा आलाय. फोटोतल्या घड्याळावर तीन छोटे गोल, दोन काटे, खाली आकडे, कडेला चार बटणं आणि किंमत साडेचारशे. म्हटलं बाळा, झूम करून बघ, ते तिन्ही गोल नुसते छापलेले आहेत, त्यातलं काहीच हलत नाही. तर म्हणे पण लूक भारी आहे ना.

लूकचं मी काही बोलत नाही, ज्याची त्याची आवड. पण हजार ते अडीच-तीन हजारात रोज हातात राहील आणि काही वर्षं टिकेल असं घड्याळ हवं असेल तर बॉक्सवरची फीचरची यादी बाजूला ठेवा आणि घड्याळ हातात घ्या. आतली मशीन आजकाल स्वस्तातलीसुद्धा बरी चालते. घड्याळ वाया जातं ते पट्टा तुटून, आत पाणी शिरून नाहीतर आकडेच नीट दिसत नाहीत म्हणून ड्रॉवरमध्ये पडून.

त्यामुळे पहिली गोष्ट, आकडे. दुकानात काउंटरवर ट्यूबलाइटखाली सगळीच घड्याळं छान दिसतात. ते मनगटावर घाला आणि स्कूटरचं हँडल धरल्यासारखा हात पुढे करा, मान न वळवता नुसती नजर खाली टाकून वेळ वाचता येते का बघा. एलसीडी तिरकं पाहिलं की आकडे फिकट होतात, काही घड्याळांत तर पार गायबच होतात. काळ्या पाटीवर पांढरे आकडे असलेलं, ज्याला निगेटिव्ह डिस्प्ले म्हणतात, ते शोकेसमध्ये एक नंबर दिसतं पण संध्याकाळी सहा-सातच्या उजेडात, लोकलच्या डब्यात वगैरे, आकडे शोधावे लागतात. मी एक घेतलं होतं, सहा महिन्यांत कंटाळून शेजारच्या पोराला देऊन टाकलं. पहिलंच घड्याळ असेल तर सरळ राखाडी पाटीवर काळे आकडे घ्या. आणि पोलराइज्ड (चकाकी कमी करणारा) गॉगल वापरत असाल तर तो घालूनच दुकानात जा, कारण काही कोनातून त्या गॉगलमधून स्क्रीन अख्खी काळी दिसते आणि मग वाटतं घड्याळ बंद पडलं.

दिवा तपासायला दोन्ही तळव्यांची ओंजळ करून घड्याळावर अंधार करा आणि बटण दाबा. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू सगळ्यांना माहितीये, 1989 पासून येतंय, वजन फक्त 21 ग्रॅम, हातात आहे हेच विसरायला होतं. पण त्याचा दिवा म्हणजे डाव्या कोपऱ्यात एक हिरवा काजवा. डावीकडचे आकडे उजळतात, उजवीकडे सेकंदांपर्यंत उजेड पोचता पोचता दमतो. रात्री उठून किती वाजले बघण्यापुरतं चालतं. नाइट ड्यूटीवाल्याने मात्र दुसरं काहीतरी बघावं. दिवा लावल्यावर आकडे फिके पडत असतील तर सेल मेलेला आहे, ते घड्याळ परत करा. तसंही बॉक्सवर सात वर्षं दहा वर्षं बॅटरी लिहिलेलं असतं ते मोजायचं घड्याळ बनलं तेव्हापासून, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. दुकानात तीन वर्षं पडलेल्या मालाची तीन वर्षं गेलेलीच असतात.

आता पाणी. इथे सगळ्यात जास्त गंडतात लोक. 30 मीटर लिहिलंय म्हणजे 30 मीटर खोल पाण्यात घालून जाता येतं असं अजिबात नाही, तो आकडा टेस्टमध्ये दिलेल्या स्थिर दाबाचा असतो. पाण्यात हात जोरात मारला, नळाची धार थेट बटणावर आली की हिशोब बदलतो. व्यवहारात असं धरा की नुसतं वॉटर रेझिस्ट किंवा 30 मीटर असेल तर हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे, 50 मीटरवर थोडंफार पोहणं, आणि रोज तलावात जात असाल किंवा आपल्या जुलैच्या पावसात गाडीवर भिजत फिरणार असाल तर सरळ 100 मीटरवालं घ्या. कॅसिओचं डब्ल्यू-800एच किंवा एई-1200 ही दोन्ही 100 मीटरची आहेत आणि सेलही दहा वर्षांचा. पाण्यात असताना बटण दाबायचं नाही हा नियम 100 मीटरवाल्यालाही लागू. आणि गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करताना काढून ठेवा, मागच्या झाकणाखाली पाणी अडवणारी रबर रिंग असते, तिची वाट त्यानेच लागते.

रबर रिंगवरून आठवलं. माझं एक चांगलं चाललेलं घड्याळ सेल बदलून आणलं आणि पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरली. स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याने दोन मिनिटांत सेल टाकला होता पण मागचं झाकण लावताना ती केसासारखी बारीक काळी रिंग खाचेतून सुटून चिमटली होती, उघडून बघितल्यावर एका जागी चपटी झालेली दिसली. तेव्हापासून सेल टाकताना मी समोर उभा राहतो. रिंग खाचेत नीट बसवा, जमलं तर जरा सिलिकॉन ग्रीस लावा, एवढंच सांगायचं. पन्नास रुपये जास्त घेऊ देत.

पट्टा बघताना दोन गोष्टी. एक म्हणजे तो मधोमध वाकवून बघा, ताठ आणि चकचकीत प्लास्टिक असेल तर वर्षभरात भोकापाशी चीर पडणार. दुसरं, पट्टा घड्याळाला जिथे जोडतो तिथे साधी पिन आणि सरळ कड आहे का, की केसच्या आकारात कापलेला खास पट्टा आहे. खास असेल तर तुटल्यावर तस्साच पट्टा शोधत फिरावं लागतं, आणि कधी कधी पट्ट्याची किंमत ऐकून नवीनच घड्याळ घ्यावंसं वाटतं. बारीक मनगट असेल तर सगळ्यात आतल्या भोकात लावून बघा, लहान मुलांच्या आणि बायकांच्या हातात एई-1200 फार मोठं दिसतं, ते 45 बाय 42 मिलिमीटर आहे आणि साडेबारा मिलिमीटर जाड, फुल शर्टच्या कफात अडकतं. एफ-91 साडेआठ मिलिमीटरच.

बटणं घामेजल्या बोटाने दाबून बघा, निदान ओल्या बोटाने. आणि स्टॉपवॉच चालवून बघाच, कारण इथे एक गोम आहे जी दुकानदार सांगत नाही, बहुतेकदा त्यालाही माहीत नसते. स्वस्तातल्या बऱ्याच घड्याळांत लॅप (प्रत्येक राउंडची वेगळी वेळ) नसतो, स्प्लिट (सुरुवातीपासूनची एकूण वेळ) असतो. म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या राउंडला बटण दाबलं तर 1:20 दिसेल, दुसऱ्याला दाबलं तर 2:44, म्हणजे दुसरा राउंड 1:24 चा झाला ही वजाबाकी पळता पळता तुमची तुम्हीच करायची, आणि घड्याळ यातलं काही लक्षातही ठेवत नाही. भाच्याला चार राउंडच मारायचे आहेत त्याचं भागेल. पण एफ-91चं स्टॉपवॉच एक तासाला पुन्हा शून्यावर येतं, त्यामुळे हाफ मॅरेथॉनवाल्यांनी ते विसरावं.

धावणारे नसाल तर मी म्हणेन स्टॉपवॉचपेक्षा काउंटडाउन टायमर आहे का ते बघा. टाकीची मोटर लावली, वीस मिनिटं सेट केली, विषय संपला, वरून पाणी वाहून सोसायटीत भांडणं नाहीत. हा टायमर एफ-91 मध्ये नाही, डब्ल्यू-800एच मध्येही नाही, एई-1200 मध्ये आहे. त्यात गजरही पाच आहेत. फक्त गजराचा आवाज दुकानात ऐकून घ्या, पंखा चालू असला आणि हात पांघरुणात असला की ती बारीक पीं पीं कुणाला उठवत नाही.

नकली मालाबद्दल थोडं. एफ-91 चं उजवं बटण तीन सेकंद दाबून धरलं की स्क्रीनवर कॅसिओ असं येतं, ही ट्रिक सगळ्यांना माहीत झालीये, नकलीवाल्यांनाही, त्यामुळे आलं म्हणून खरं समजू नका, नाही आलं तर मात्र नक्की नकली. त्यापेक्षा बॉक्सवरचं लेबल वाचा, बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असावी लागते.

घरी आणल्यावर फोनशी सेकंदाला सेकंद जुळवून लावा आणि बिल सांभाळून ठेवा. महिन्याने परत बघा. एफ-91 ला कंपनीच महिन्याला 30 सेकंद पुढे-मागे धरते, त्यापेक्षा जास्त फरक असेल तर दुकानदाराकडे जा. पण त्या महिन्यात ते हातातच घाला हं, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून मग तक्रार नको. आतला क्वार्ट्झ, म्हणजे वेळ मोजणारा बारीक स्फटिक, सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि तो साधारण 25 अंशांच्या आसपास बिनचूक राहील असा बनवलेला असतो, फार तापला किंवा फार गारठला की मागेच पडतो.

डास पळवायचं क्रीम लावलं असेल तर हात पुसून मग घड्याळ घाला, त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिकची काच धुरकट करतं. साधे ओरखडे टूथपेस्टने घासून बरेच जातात, ते डाग जात नाहीत.

आणि एफ-91 घेतलंत तर त्याला वर्ष कळत नाही, फेब्रुवारी कायम 28 चाच. 2028 मध्ये 29 तारखेला ते 1 मार्च दाखवेल, तेव्हा हाताने मागे घ्या. भाच्याने शेवटी तेच घेतलंय, काळ्या पट्ट्याचं. काल मेसेज आला, मामा यात पावलं कुठे दिसतात.